मंडळाचा सभागृह निधी आणि केनियातील बँकांची आजची स्थिती

प्रेषक: खजिनदार
प्रति: सर्व सभासद
विषय: सभागृह निधीची मुदत ठेव

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या सभागृह निधीची मुदत ठेव पुढील महिन्यात पूर्ण होत आहे. मागच्या वेळी ठेव ठेवली तेव्हा व्याजदर चढे होते, कारण केनियाच्या सेंट्रल बँकेने आपला मूळ दर फेब्रुवारी २०२४ मध्ये १३ टक्क्यांवर नेला होता. ऑगस्ट २०२४ पासून तो उतरत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ९.२५ टक्क्यांवर आला. साहजिकच मोठ्या बँका नूतनीकरणासाठी आता बराच कमी दर सांगत आहेत. एका लहान बँकेने मात्र त्यांच्याहून सुमारे अडीच टक्के अधिक देऊ केले आहेत, आणि काही सभासदांनी सॅकोचा, म्हणजे सभासदांच्या बचत-पतसंस्थेचा, पर्याय सुचवला आहे. कार्यकारिणीत दोन्ही बाजूंनी मते आहेत. निधी सर्वांच्या वर्गणीतून उभा राहिलेला असल्यामुळे जाणकारांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपली,
खजिनदार

—

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, नैरोबी
विषय: उत्तर: सभागृह निधीची मुदत ठेव

खजिनदार ताईंस स. न. वि. वि.

माझी उमेदीची वर्षे या देशातील बँकांच्या लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

अडीच टक्के अधिक का मिळत आहेत, हा प्रश्न दर पाहण्याआधी विचारायला हवा. केनियात चाळिसाच्या आत व्यापारी बँका आहेत आणि त्यांतील नऊ मोठ्या बँकांकडे बाजाराचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा आहे. पगाराची खाती, सरकारी खाती, मोबाईलवरून फिरणारा पैसा हे सारे मुख्यतः त्यांच्याकडे असते आणि या पैशावर त्यांना जवळजवळ काहीच व्याज द्यावे लागत नाही. उरलेल्या बँकांना तसा स्वस्त पैसा मिळत नाही. त्यांना तुमच्या-आमच्यासारख्या संस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुदत ठेवी जादा दराने मिळवाव्या लागतात. यात गैर काहीच नाही. परंतु तो जादा दर म्हणजे आपण पत्करलेल्या जोखमीचा मोबदला असतो, आणि ती जोखीम नेमकी किती आहे हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

जोखीम काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये दुबई बँक, १३ ऑक्टोबर २०१५ रोजी इंपीरियल बँक आणि ७ एप्रिल २०१६ रोजी चेस बँक, अशा तीन बँका आठ महिन्यांच्या आत प्रशासकाच्या ताब्यात गेल्या. इंपीरियल बँक आपल्या समाजाला जवळची होती. अनेक भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची रोजची खाती तिथे होती. बँकेच्या प्रमुखांचे निधन झाल्यावर काही आठवड्यांतच हिशेबात न दाखवलेली प्रचंड कर्जे सापडली आणि संचालकांनीच ते सेंट्रल बँकेला कळवले. ठेवीदारांना पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १० लाख शिलिंगांपर्यंत रक्कम मिळाली, पुढचे पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, आणि २०२१ च्या अखेरीस बँक अवसायनात निघाली. ज्यांच्या मोठ्या ठेवी होत्या त्यांची ही सहा वर्षे कशी गेली, हे आपल्यापैकी काहींना जवळून ठाऊक आहे.

महाराष्ट्रात ज्यांचे नातेवाईक सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे खातेदार होते, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तिथेही एकाच बांधकाम उद्योगसमूहाची कर्जे खोट्या खात्यांआड लपवल्याचे उघड झाले. त्यानंतर भारतात फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली; केनियातही त्याच वर्षी १ जुलैपासून ती एक लाखावरून पाच लाख शिलिंग झाली. येथील ठेव विमा महामंडळ ही रक्कम प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेसाठी, सर्व खाती एकत्र धरून देते. आपला निधी या मर्यादेच्या कितीतरी पट आहे. म्हणजेच पाच लाखांच्या वरचा प्रत्येक शिलिंग आपण त्या बँकेला विनातारण उसना देत आहोत, असेच समजून चालावे.

आता आजची परिस्थिती. थकीत कर्जांचे प्रमाण २०२५ च्या मध्यास एकूण कर्जांच्या १७ टक्क्यांच्या वर गेले होते, म्हणजे दिलेल्या दर सहा शिलिंगांमागे एक शिलिंग वेळेवर परत येत नव्हता. याची कारणे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. सरकारने कंत्राटदारांची आणि पुरवठादारांची बिले वर्षानुवर्षे थकवली. त्यांनी बँकांची कर्जे थकवली. जानेवारी २०२४ च्या सुमारास डॉलर १६० शिलिंगांच्या घरात गेला, आयात महागली आणि त्याच वेळी व्याजही वाढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जूनमध्ये परत करायच्या दोन अब्ज डॉलरच्या युरोबाँडची (परदेशी चलनातील कर्जरोख्याची) तजवीज केली तेव्हा शिलिंग सावरला आणि पुढे १२९-१३० वर स्थिरावला, परंतु त्या काळात मोडलेले धंदे काही परत उभे राहिले नाहीत.

दुसरी गोष्ट भांडवलाची. बँकेचे मूळ भांडवल, म्हणजे मुख्यतः भागधारकांनी घातलेला पैसा आणि साठवलेला नफा, किमान एक अब्ज शिलिंग असावे, असा नियम कितीतरी वर्षे होता. कायद्याप्रमाणे बँक एका कर्जदाराला मूळ भांडवलाच्या २५ टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज देऊ शकत नाही. म्हणजे एक अब्जवाल्या बँकेला एका गिऱ्हाइकाला २५ कोटी शिलिंगच देता येतात, आणि नैरोबीच्या वेस्टलँड्समधील एका मध्यम इमारतीलाही तेवढे पुरत नाहीत. मग अशी बँक मर्यादेच्या काठावरची दोन-चार मोठी कर्जे देते, आणि त्यांतील एक जरी बुडाले तरी तिच्या भांडवलाचा पाव भाग जातो. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही किमान मर्यादा २०२५ अखेर ३ अब्ज, २०२६ अखेर ५ अब्ज, आणि पुढे टप्प्याटप्प्याने २०२९ अखेर १० अब्ज केली. माझ्या मते हा कायदा दहा वर्षे आधीच यायला हवा होता. २०१५ मध्ये तसा प्रस्ताव आलाही होता, परंतु संसदेने तो मान्य केला नाही. आता लहान बँकांपुढे नवे भागीदार आणणे, विलीन होणे किंवा विकले जाणे असेच मार्ग आहेत. गिरो, फिडेलिटी आणि हबीब बँक केनिया या तिन्ही बँका २०१७ मध्येच मोठ्या बँकांत सामावल्या गेल्या, आणि तिथल्या ठेवीदारांचे काही नुकसान झाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा ज्या बँकेचा प्रस्ताव आला आहे तिचे तिमाही विवरणपत्र काढून पाहावे. प्रत्येक बँकेला ते वर्तमानपत्रात छापावेच लागते. वरचा नफा-तोट्याचा तक्ता बाजूला ठेवून पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांतील ‘इतर माहिती’ या भागाकडे यावे. तिथे आधी थकीत कर्जांची एकूण रक्कम असते आणि तिच्यापुढे केलेली तरतूद. दोहोंत मोठी तफावत असेल तर ती भांडवलातून भरावी लागणार, हे ओळखावे. त्याखाली संचालक, भागधारक आणि त्यांच्या संबंधितांना दिलेली कर्जे असतात. ही ओळ मागच्या चार तिमाहींशी ताडून पाहावी. मग भांडवलाची प्रमाणे: जोखीमभारित मत्तेच्या (म्हणजे जोखमीनुसार वजन देऊन मोजलेल्या कर्जे व इतर मत्तेच्या) तुलनेत मूळ भांडवल किमान १०.५ टक्के आणि एकूण भांडवल किमान १४.५ टक्के असावे लागते. शेवटी तरलता, म्हणजे रोख आणि लगेच रोख करता येणाऱ्या मत्तेचे प्रमाण, किमान २० टक्के. या आकड्यांपुढे बँकेने स्वतःच अधिक-वजा दाखवलेले असते, आणि जिथे वजा आकडा कंसात दिसेल तिथे आपला निधी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॅकोंविषयी थोडक्यात. सभासदांना कर्ज देण्यासाठी त्या उत्तम आहेत, परंतु त्यांच्या ठेवींना या विमा महामंडळाचे संरक्षण नाही. त्यांच्या शिखर संस्थेतच, कुस्कोमध्ये, घोटाळ्याच्या तपासासाठी केलेल्या (फॉरेन्सिक) लेखापरीक्षणात सुमारे १३ अब्ज शिलिंगांचा घोटाळा निघाला आणि कितीतरी सॅकोंचा पैसा तिथे अडकला. सार्वजनिक निधीसाठी मी तिकडे जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.

—

प्रेषक: एक सभासद, मोम्बासा
विषय: उत्तर: उत्तर: सभागृह निधीची मुदत ठेव

आदरणीय काका, सर्व सभासदांस नमस्कार.

काकांचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातील माहितीबद्दल मनापासून आभार. परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही आणि ते मोकळेपणाने लिहितो.

या देशाच्या बँकव्यवस्थेने जे साधले ते जगात फार थोड्यांनी साधले आहे. मार्च २००७ मध्ये फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा आली, २०१२ मध्ये एम-श्वारीने फोनवर बचत आणि कर्ज दिले. २००६ मध्ये जेमतेम २६.७ टक्के प्रौढ औपचारिक वित्तसेवा वापरत होते, ते प्रमाण २०२४ मध्ये ८४.८ टक्के झाले. इक्विटीसारखी बँक १९८४ मध्ये एक साधी गृहकर्ज संस्था म्हणून सुरू झाली आणि आज देशातील सर्वांत मोठ्या बँकांमध्ये आहे. थकीत कर्जे २०२५ च्या मध्यास १७ टक्क्यांच्या वर गेली असली तरी एकूण भांडवलाचे प्रमाण सगळ्या बँका मिळून किमान मर्यादेच्या बरेच वर आहे. त्यामुळे २०१६ ची भीती आजच्या परिस्थितीला जशीच्या तशी लावू नये.

मोठी बँक म्हणजे सुरक्षित, असेही नाही. नॅशनल बँक ऑफ केनिया नावाजलेली होती, सरकारचा तिच्यात हिस्सा होता, तरी ती इतकी अशक्त झाली की २०१९ मध्ये केसीबीला (केनिया कमर्शियल बँकेला) ती घ्यावी लागली, आणि २०२५ मध्ये केसीबीने ती नायजेरियाच्या ॲक्सेस बँकेला विकली. उलट २०१६ ते २०१९ या काळात, व्याजावर मूळ दराच्या वर चार टक्क्यांची कमाल मर्यादा होती तेव्हा, आमच्या दुकानाचा ओव्हरड्राफ्ट एका मोठ्या बँकेने काढून घेतला आणि एका लहान बँकेने दिला. सरकारी रोखे घेऊन बसणे सोपे असल्यामुळे लहान व्यापाऱ्याकडे तेव्हा मोठ्यांनी पाठ फिरवली होती. सगळ्या संस्थांनी आपल्या ठेवी मोठ्या नऊ बँकांतच ठेवल्या, तर लहान बँकांचे भांडवल वाढणार कसे आणि आमच्यासारख्यांना कर्ज देणार कोण?

आणखी एक शंका आहे. चेस बँकेचेही विवरणपत्र छापले जात होते. बँक बंद होण्याच्या आदल्या दिवसांत ते सुधारून पुन्हा काढले तेव्हा संबंधितांना दिलेली कर्जे कितीतरी अधिक निघाली. मग त्या तळाच्या ओळींवर विश्वास कसा ठेवायचा?

आपला नम्र.

—

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, नैरोबी
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सभागृह निधीची मुदत ठेव

सप्रेम नमस्कार.

मोम्बासाच्या सभासदांचे मुद्दे मोलाचे आहेत. सेवा घराघरांत पोचली, ही केनियाची मोठी कमाई आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. येथील केसीबीचे मूळ १८९६ मध्ये मोम्बासात शाखा उघडणाऱ्या नॅशनल बँक ऑफ इंडियापर्यंत जाते, त्यामुळे या व्यवस्थेला मी कधीच परके मानले नाही. लहान व्यापाऱ्याविषयी त्यांनी लिहिले तेही खरे आहे. परंतु लहान बँकेला भांडवल तिच्या भागधारकांनी द्यायचे असते. ठेव म्हणजे भांडवल नव्हे; ठेवी वाढल्या आणि भांडवल तेवढेच राहिले तर बँक अधिक नाजूक होते. ज्यांना लहान बँकेला हातभार लावायचा आहे त्यांनी स्वतःच्या पैशाने जरूर लावावा. शाळकरी मुलांच्या नाटकाच्या तिकिटांतून आणि गणेशोत्सवाच्या देणग्यांतून जमलेला निधी त्यासाठी वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चेस बँकेविषयीची शंका मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. छापील आकडे वाईट असतील तर ते खरे मानावेत. चांगले असतील तर ते खरे असतीलच, असे नाही. चेसच्या ठेवीदारांना ऑगस्ट २०१८ मध्ये स्टेट बँक ऑफ मॉरिशसच्या एसबीएमने त्यांच्या ठेवींचे ७५ टक्के आपल्याकडे घेऊन मार्ग काढून दिला, तोही काही भाग वर्षावर्षांच्या मुदत ठेवींत बांधून. उरलेले २५ टक्के जुन्या बँकेतच राहिले. म्हणून विवरणपत्र वाचल्यावरही कोणत्याही एका बँकेत विमा मर्यादेच्या वर फार रक्कम ठेवू नये. मोठ्या रकमेसाठी सरकारी ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारला वर्षाच्या आतील मुदतीने दिलेल्या उसन्या पैशाची बिले, घ्यावीत. सेंट्रल बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या धाऊसीएसडी या सरकारी रोखे खरेदीच्या ऑनलाइन यंत्रणेवर संस्थेलाही खाते उघडता येते. दर गुरुवारी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचा लिलाव असतो. व्याजावर १५ टक्के कर कापला जातो, तो मुदत ठेवीवरही कापला जातोच. सरकारचे कर्ज वाढते आहे याची मला जाणीव आहे, परंतु शिलिंगमधील सरकारी बिल आणि एक अब्ज भांडवलाची बँक यांत निवड करायची तर मी बिल घेईन. दीर्घ मुदतीचे रोखे मात्र घेऊ नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेआठ वर्षांचा करमुक्त पायाभूत सुविधा रोखा १८.४६ टक्क्यांनी मिळत होता, तेव्हा ज्यांनी घेतला त्यांचे भले झाले. आजच्या दरात आठ वर्षे अडकण्यासारखे काही नाही, आणि सभागृहाच्या जागेचा व्यवहार ठरला तर पैसा हाताशी हवा.

कळावे.

—

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: सभागृह निधीची मुदत ठेव

सर्व सभासदांस नमस्कार.

दोघांचेही आभार. कार्यकारिणीपुढे पुढील प्रस्ताव ठेवत आहे. निधीचा मोठा भाग १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत गुंतवावा. चालू खर्चाची रक्कम दोन वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी पाच लाख शिलिंगांच्या आत ठेवावी. आणि या दोहोंपैकी एक बँक लहान असण्यास हरकत नसावी. ज्या लहान बँकेचा प्रस्ताव आला आहे तिच्याकडे मागील चार तिमाहींची विवरणपत्रे आणि नव्या कायद्याप्रमाणे भांडवल कसे उभारणार याची लेखी माहिती मी मागितली आहे. ती मिळताच दोघाही सभासदांना पाठवीन. मोम्बासाच्या सभासदांनीही ती काकांसोबत तपासावी, अशी विनंती.

धाऊसीएसडी खात्यासाठी मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत आणि सह्यांचे अधिकार असलेल्या तिघांची ओळखपत्रे व केआरए पिन (केनिया महसूल प्राधिकरणाचा करदाता क्रमांक) लागतील, असे धरून मी तयारी करत आहे. अध्यक्ष आणि सचिवांनी आपल्या प्रती रविवारच्या बैठकीला सोबत आणाव्यात. ठरावाचा मसुदा मी शुक्रवारी पाठवते.

आपली,
खजिनदार