मदत हवी आहे: अ‍ॅपवर टॅक्सी चालवणाऱ्याला किमान वेतन लागू होतं का? (पुणे)

नमस्कार मंडळी. कर्जावर घेतलेली स्वतःची गाडी आहे, हिंजवडी-विमानतळ पट्ट्यात अ‍ॅपवर चालवतो. नवीन लेबर कोड आल्यापासून आमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय की आता ड्रायव्हरलाही किमान वेतन मिळणार. कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं तर "तुम्ही पार्टनर आहात सर" एवढंच. पार्टनर असतो तर हप्तापण निम्मा भरला असता त्यांनी!

माझं दुखणं दोन ठिकाणी आहे. सकाळी फेज ३ ला पॅसेंजर सोडला की परतीचं भाडं नाही. माणच्या रस्त्याला गाडी लावायची, एसी बंद, काचा खाली, अ‍ॅप चालू. हा वेळ कुणाच्या हिशोबात? दुसरं म्हणजे परवा एका काकूंनी मोबाइलवर बिल दाखवलं, ४१० रुपये. माझ्याकडे पडले २७०.

किमान वेतन मागता येतं का? नसेल तर दाद कुठे मागायची?

सदाशिवपेठी: मेसेज चुकीचा आहे. नव्या लेबर कोडांपैकी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली हे खरं, पण ती कर्मचाऱ्यासाठी. गिग कामगार (म्हणजे तुमच्यासारखा अ‍ॅपवर काम करणारा) येतो दुसऱ्या कोडात, सामाजिक सुरक्षा संहितेत, आणि तिथे त्याची व्याख्याच 'मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर कमावणारा' अशी केली आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत टाकायचे (तुम्हा लोकांना द्यायच्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर नाही), त्यातून विमा, अपघात, म्हातारपणाच्या योजना. रोजच्या कमाईचा त्यात संबंध नाही. तुम्हीच उद्या ठेकेदाराकडे पगारावर आयटीची गाडी चालवलीत तर किमान वेतन लागेल. ई-श्रमवर (असंघटित कामगारांसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी मात्र करून ठेवा, आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल लागतो.

चाकावरचा: दादा, वेतन सोडा, भाडं धरा. पुण्यात एसी टॅक्सीला आरटीएने (भाडं ठरवणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण) पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ ठरवून दिलेत. १२ किलोमीटरचे २९९ रुपये ५० पैसे होतात. तुमचं भाडं किती किलोमीटरचं होतं ते बघा आणि गुणाकार करा. शिवाय केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी असणाऱ्याला भाड्याचे किमान ८० टक्के द्या असं लिहिलंय. ४१० चे ३२८ होतात. बिलात टोल-टॅक्स असेल तर तो आधी वजा करा, नाहीतर समोरचा तिथेच पकडेल. संगम पुलाजवळच्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी बोललेलं तिथे कुणाला आठवत नाही.

सदाशिवपेठी: एक भर. त्या सूचना राज्याने स्वीकारायच्या असतात, त्यामुळे अर्जात आधी आरटीएचं भाडं लिहा, ८० टक्के नंतर.

पौडरोड: थांबण्याच्या वेळेबद्दल: ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात ड्रायव्हरना कामगार ठरवलं आणि लॉग-इन करून भाडं घ्यायला तयार असलेला वेळही कामाचाच धरला. म्हणून तिथे किमान वेतन लागतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, पण तोही नोंदणी आणि कल्याण निधीचा.

मूळ धागाकर्ता: म्हणजे माणच्या रस्त्यावरचं बसणं फुकटच. बरं, काकू तर बिल दाखवून लिफ्टमध्ये गेल्या. पुढच्या पॅसेंजरकडे बिल मागितलं आणि त्याने तक्रार केली तर आयडी बंद होईल ना?

चाकावरचा: मागायचं नाही, विचारायचं. उतरताना, डिकी उघडून बॅग हातात देताना: "साहेब, तुम्हाला किती लावले?" पुणेकर आहे, जास्त घेतल्याचा संशय आला की स्वतःच स्क्रीन पुढे करतो. तेव्हाच फोटोला परवानगी विचारा, नाव-नंबर झाकून. पाच-सहा जमले की एकत्र अर्ज करू, माझेपण आहेत.