राउटर बंद-चालू केला की आयपी मिळतो, दुपारी परत तेच

प्रश्न
नमस्कार मंडळी, म्हापशात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं ऑफिस आहे, ६ कॉम्प्युटर, १ प्रिंटर, एकच राउटर. सकाळी चालू केलेले कॉम्प्युटर दिवसभर चालतात पण दुपारी जो चालू करावा त्याला नेट नाही, आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. राउटर बंद-चालू केला की ठीक. पावसात लाइट जाऊन आली की त्या दिवशी त्रासच नाही! शुक्रवारी बाजाराला सगळ्यात जास्त. केबल बदलली, स्विच बदलला, फरक शून्य. गिऱ्हाईक समोर उभं असतं हो, प्लीज सांगा.

उत्तर १
१६९.२५४ म्हणजे डीएचसीपीकडून (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने स्वतःच लावून घेतलेला. कोणी दुसरा राउटर जोडला असता तर बहुतेक त्याचा पत्ता मिळाला असता. राउटरच्या सेटिंगमधली डीएचसीपी रेंज (वाटायचे पत्ते कुठून कुठपर्यंत) आणि लीज टाइम (दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा) इथे टाका.

प्रश्नकर्ता
रेंज १०० ते १२९, लीज १४४० मिनिटं. क्लायंट लिस्ट पूर्ण भरलेली, बरेचसे मोबाइल. लोक प्रिंटसाठी फाइल पाठवायला आमचं वायफाय घेतात ना.

उत्तर २
मग सापडलं की! तुमच्याकडे पत्तेच ३०, आणि प्रत्येक मोबाइल २४ तास एक अडवून बसतो, माणूस काम करून बाजारात गेला तरी त्याचा पत्ता राउटरच्या वहीत तसाच. शुक्रवारी गर्दी, म्हणून लवकर संपतात. लाइट गेली की ती वही कोरी होते म्हणून तुम्हाला बरं वाटतं, पण तो उपाय नव्हे, कारण मग कोणी वापरत असलेला पत्ताच राउटर दुसऱ्याला देऊ शकतो आणि आयपी कॉन्फ्लिक्ट येतो. रेंज ५० ते १९९ करा, लीज ६० मिनिटं. कॉम्प्युटर अर्ध्या वेळेलाच मुदत वाढवून घेतो, त्यामुळे चालू कामात खंड पडत नाही. प्रिंटरचा पत्ता मॅकवरून (त्याच्या नेटवर्क कार्डचा ठरलेला नंबर) रिझर्व्ह करा. आणि लोकांना गेस्ट वायफाय (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) द्या, तुमच्या फॉर्ममध्ये लोकांचे आधार नंबर असतात, अनोळखी मोबाइल त्याच नेटवर्कवर नकोच.

प्रश्नकर्ता
देव बरें करूं! रेंज आणि लीज बदलली, कालचा अख्खा शुक्रवार राउटरला हात लावला नाही. गेस्ट चालू केलं पण आता त्यावरून प्रिंटर दिसत नाही, फाइल कशा घ्यायच्या?

उत्तर २
दिसणार नाहीच, ते वेगळंच ठेवायचं असतं. ऑफिसच्या ईमेलवर मागवा आणि तुमच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढा.