मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात टिकतील अशी फुलझाडं

नमस्कार मंडळी. आमची गच्ची पश्चिमेची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी कुंडीला हात लावला तर चटका बसतो. दरवर्षी हौसेनं झेंडू, पिटुनिया लावते, एप्रिलअखेर सगळ्याचा पाचोळा. आता मोसमी रोपं बस्स झाली. एकदा लावलं की चार-पाच वर्षं बघायला नको, असं काहीतरी हवंय.

बोगनवेल आहे, पण सासूबाई मायेनं रोज पाणी घालतात, त्यामुळे नुसती पानंच पानं! पाणी तोडलं की फुलते हे त्यांना कोण सांगणार? जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच देठासकट गळतात, आणि शेंड्याला पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण. सदाफुली मात्र न लावताच फरशीच्या भेगेत उगवून मजेत फुलतेय.

घरात दोन वर्षांचं लेकरू आहे, म्हणून कण्हेर नको. अडेनियमचा चीकही विषारीच, तेव्हा तेही बाद. मग एक्झोरा लावू का? भर उन्हात कुंडीत कुणाचा टिकलाय? केवढी कुंडी, माती कशी? आणि मेमध्ये आठ दिवस गावी गेलो तर पाण्याचं काय करता?