४.२ मिमीचं कौतुक पुरे, धुळीचं बोला

साईटवाला_कासारवडवली
काल पाचपाखाडीच्या एका सदस्याने इथे लिहिलं : "सॅमसंगचा गॅलेक्सी झेड फोल्ड ७ घेतला. उघडल्यावर ४.२ मिमी, मिटल्यावर ८.९. घडीच्या फोनवरचे सगळे आक्षेप आता निकाली. ज्यांना परवडत नाही तेच नावं ठेवतात." शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

परवडायचा प्रश्नच नाही. मी घडीचा फोन चौदा महिने वापरलाय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. माझं काम साईटवर. स्लॅबवर उभं राहून ड्रॉइंग उघडायचं, सळयांचं अंतर फिटरला दाखवायचं. त्यासाठी मोठा पडदा फार कामाचा, हे आधीच सांगतो. पण सातव्या महिन्यात बिजागरी करकरायला लागली. मग आतल्या फिल्मला घडीवर फुगा आला. ऐन पावसाळ्यात मधोमध काळी रेघ उठली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, आत माती आहे, वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीच्या पैशांत चांगला सपाट फोन येत होता. तोच घेतला.

आता फोल्ड ७ चं रेटिंग बघा, आयपी ४८. लोक ८ वाचतात आणि पाण्यात चालतो म्हणून खूश होतात. त्याच्या आधीचा ४ कोणी वाचत नाही. तो आकडा धुळीचा. ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही, एवढीच हमी. सिमेंटचा कण एक मिलिमीटरचा असतो का? ठाण्यात घोडबंदर रोडवर हवेत जे उडतं ते एक मिलिमीटरचं असतं का?

२०२१ च्या फोल्ड ३ मध्ये ४४०० एमएएचची बॅटरी होती, फोल्ड ७ मध्येही ४४०० च. चार्जिंग २५ वॉटच. सगळी अक्कल जाडी कमी करण्यात खर्च झाली. जाडी दुकानात पाच मिनिटांत कळते, धूळ सातव्या महिन्यात कळते. फोन दुकानातल्या त्या पाच मिनिटांसाठी बनवले जातायत, हा माझा आक्षेप आहे.

नेरूळकरीण
तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं. पण जाडीला तुम्ही दुकानातली गंमत म्हणता, ते मला पटत नाही. तुम्ही कधी लेडीज डब्यात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोन वापरलाय?

माझ्याकडे आधी फोल्ड ६ होता. २३९ ग्रॅम, मिटल्यावर १२.१ मिमी. बाहेरचा पडदा इतका अरुंद की मराठी टाइप करताना 'ळ' दाबायला गेलं की शेजारचं काहीतरी उमटायचं. संध्याकाळी मनगट दुखायचं. आता फोल्ड ७ आहे, २१५ ग्रॅम. त्याच कंपनीचा सपाट एस २५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा आहे, आयफोन १६ प्रो मॅक्स २२७ चा. म्हणजे घडीचा फोन त्या दोघांपेक्षा हलका झाला. बाहेरचा पडदा साडेसहा इंची आणि नेहमीच्या फोनइतका रुंद, त्यामुळे दर वेळी उघडावाही लागत नाही.

मी जीएसटीची कामं करते. ठाण्याहून नेरूळला जाताना बसायला मिळालं तर एका बाजूला रिटर्न, दुसऱ्या बाजूला क्लायंटची बिलं. घरी पोचेपर्यंत दोन फाइली हातावेगळ्या होतात. लॅपटॉपची बॅग सुटली, पाठ सुटली. माझ्यासाठी ते २४ ग्रॅमच खरी सुधारणा आहेत.

नौपाडा_काका
माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. पेपर आणि दिवाळी अंक फोनवर वाचायला असा फोन घ्यावा का? फोटो वगैरे काढत नाही. जाणकारांनी सांगावे.

प्रूफवाला_कळवा
पातळपणाची किंमत कोणी मोजली ते मी सांगतो. मी मोजली. फोल्ड ३ पासून ६ पर्यंत एस पेन, म्हणजे पडद्यावर लिहायचं पेन, चालत होतं. फोल्ड ७ मध्ये काढून टाकलं, कारण पडद्याखाली पेन ओळखणारा जो थर असतो, तो काढल्याशिवाय जाडी एवढी उतरत नव्हती.

मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासतो. सुटलेला अनुस्वार, ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी, चुकीच्या अक्षरावर गेलेला रफार, हे बोटाने दाखवता येत नाही. पीडीएफवर पेनाने खूण केली की प्रेसवाल्याला लगेच कळतं. माझं अर्धं काम कळवा ते दादर प्रवासात व्हायचं. आता म्हणे पेन फार कमी लोक वापरत होते. जे वापरत होते ते त्या एका गोष्टीसाठीच एवढे पैसे मोजत होते, हे कोणी लक्षात घेतलं नाही. मी फोल्ड ६ जपून वापरतोय. तो गेल्यावर काय करायचं, मला माहीत नाही.

नेरूळकरीण
पेनाचं दुःख समजू शकते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण साईटवाले, धूळ हा फोनचा दोष की तुमच्या रस्त्याचा? नेरूळमध्ये माझ्या आधीच्या फोनची बिजागरी दीड वर्ष अजिबात वाजली नाही. घोडबंदरला घर घेतलंत, आता बिजागरीला दोष देताय.

साईटवाला_कासारवडवली
हे बोलायची गरज नव्हती. घर घेतलं ते हौस म्हणून नाही. नौपाड्यात परवडत नव्हतं. वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब उभे राहताना आम्ही वर्षानुवर्षं ती धूळ खाल्ली आहे. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी श्वासाचा पंप लागला. आणि तुम्ही रस्ता कोणाचा म्हणून विचारताय?

ऐरोलीकर
नेरूळकरीण बाई, नवी मुंबईचं फार कौतुक नको. तुर्भ्याच्या खडीच्या क्रशरची पांढरी पूड माझ्या बाईकच्या सीटवर वर्षानुवर्षं बसलेली आहे. उलव्याला राहणाऱ्या भावाला विचारा, तो खिडक्या उघडत नाही. पाम बीच रोडवरून फोटो काढला की शहर स्वच्छ दिसतं, एवढंच.

नेरूळकरीण
तरी आमच्याकडे मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी आहे, पदपथ आहेत, झाडं आहेत. ठाण्यात टँकर येतो का नाही ते सांगा.

कोलशेत_रहिवासी
टँकर काढलात म्हणून लिहितो. धुळीचं मूळ मेट्रो नाही, उघडे डंपर. माती आणि राडारोडा नेताना वर ताडपत्री घालायची हा नियम आहे. रात्री अकरानंतर कापूरबावडीला उभे राहा आणि दहा डंपर मोजा, किती जणांवर ताडपत्री दिसते ते सांगा. आमच्या सोसायटीने चार अर्ज दिले. प्रत्येक वेळी सांगितलं, दुसऱ्या खात्याकडे जा. आणि साईटवाले, रागावू नका, ते डंपर तुमच्याच साईटवरून निघतात.

साईटवाला_कासारवडवली
माझ्या साईटवरून ताडपत्रीशिवाय एकही गाडी सुटत नाही. गेटवर चाकं धुवायचा खड्डा मी भांडून करून घेतला आहे. या, दाखवतो. न बघता आरोप करू नका.

कोलशेत_रहिवासी
तुमच्या एका साईटचं मानलं. बाकीच्यांचं काय? तुमचेच व्यवसायबंधू आहेत.

साईटवाला_कासारवडवली
बाकीच्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आठवड्यातून दोनदा मी स्वतः उघड्या डंपरच्या मागे मोटारसायकलवर डोळे मिटत असतो.

ऐरोलीकर
मूळ विषयाकडे या. धूळ रोखता येत नाही हे म्हणणं आता टिकत नाही. गूगलचा पिक्सेल १० प्रो फोल्ड आयपी ६८ आहे. पहिला आकडा ६, म्हणजे धूळ पूर्ण बंद. बिजागरी असूनही. आपल्याकडे १,७२,९९९ ला आला, फोल्ड ७ आला होता १,७४,९९९ ला. म्हणजे पैशांचंही कारण नाही.

नेरूळकरीण
वजन का नाही लिहिलंत? २५८ ग्रॅम. मी सोडलेल्या फोल्ड ६ पेक्षाही १९ ग्रॅम जड. मिटल्यावर १०.८ मिमी. धूळ नको तर विटेसारखा फोन घ्या, असंच ना?

साईटवाला_कासारवडवली
हो, मला विटेसारखाच चालेल. माझ्या हाताला वजनाची सवय आहे. फोल्ड ७ वाईट आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या डब्यात तो योग्य असेल, तेवढं मी मान्य करतो. पण "सगळे आक्षेप निकाली" हे वाक्य खोटं आहे. एकाचा आक्षेप सुटला, प्रूफवाल्यांचा नवीन तयार झाला आणि माझा होता तिथेच आहे. पाचपाखाडीच्या गृहस्थांनी ते वाक्य आणि परवडण्याचं वाक्य, दोन्ही मागे घ्यावीत.

नेरूळकरीण
परवडण्याचं वाक्य त्यांनी मागे घ्यायला हवं, यात तुमच्या बाजूने आहे. मीही ईएमआयवर घेतलाय, चोवीस महिन्यांच्या. आणि घोडबंदरच्या घराबद्दल मी बोलले ते चुकलंच. मुलीला पंप लागतो हे माहीत नव्हतं. फोनबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

नौपाडा_काका
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

साईटवाला_कासारवडवली
काका, माफ करा. तुम्ही या फोनच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात दहा-अकरा इंची टॅबलेट घ्या. अक्षरं मोठी, मधे घडी नाही, आणि घरात बसून वाचणार म्हणजे धुळीचीही काळजी नाही.

नेरूळकरीण
काका, टॅबलेट घेऊन तुम्ही तलावपाळीला जाल का? फोन खिशात असतो म्हणून वाचला जातो. आणि हा आतला पडदा आठ इंची आहे. दुकानात जाऊन आधी उघडून बघा. घडीच्या जागी बोट फिरवा. मग दुकानदाराला सांगून बाहेर उन्हात या आणि पांढऱ्या पानावर मराठी मजकूर उघडा. घडीची रेघ समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडात चमकते. ऑपरेशननंतर डोळ्यांना ते खुपतं का, हे फक्त तुम्हालाच कळेल.

नौपाडा_काका
टॅबलेट मुलाने पाठवलेला आहे. आडवं पडून धरला की हात भरून येतो, म्हणून कपाटात ठेवला. उद्या सकाळी गोखले रोडला जाऊन घडीवर बोट फिरवून येतो. ऊन असेल तर बाहेरही आणून बघतो.