इस्लामी अभ्यासाच्या विद्यार्थिनीने सोलापुरात इंटर्नशिप कुठे करावी?

प्रश्न : विजापूरवेस

नमस्कार. मी बाहेरगावच्या एका विद्यापीठात बी. ए. करते आणि इस्लामी अभ्यास हा माझा मुख्य विषय आहे. चौथे सत्र संपले की उन्हाळी सुट्टीत घरी, म्हणजे सोलापुरात राहून इंटर्नशिप पूर्ण करायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ६० ते १२० तासांचे काम अपेक्षित असून त्यासाठी २ ते ४ श्रेयांक मिळतात.

वाणिज्य शाखेच्या मैत्रिणींना बँका आणि सनदी लेखापालांची कार्यालये सहज मिळाली. माझ्या विषयासाठी कोणाचे दार ठोठवावे, हेच कळत नाही. घरचे म्हणतात की मोहल्ल्यातल्या मदरशात लहान मुलींना शिकव. ते काम मी एरवीही आवडीने करते, परंतु फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र), इतिहास आणि अरबी यांचा जो अभ्यास झाला, त्याचा तिथे कस लागत नाही. शिवाय माझे मार्गदर्शक शिक्षक सोलापूरला येऊ शकणार नाहीत, ते फोनवरच बोलतील. उर्दू व अरबी मला वाचता येते, शाळा मराठी माध्यमाची झाली आहे, मोडी मात्र येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

उत्तर : जुना हिशेबनीस

मी अनेक वर्षे वक्फ संस्थांचे हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे माझी सूचना त्याच बाजूची आहे. वक्फ हा विषय तुम्ही पुस्तकात वाचला असेलच. मालमत्ता कायमची अल्लाहच्या नावे बांधली जाते आणि तिचे उत्पन्न वाकिफाने, म्हणजे वक्फ करणाऱ्याने, ठरवून दिलेल्या कारणासाठीच खर्च व्हावे लागते. ही अट प्रत्यक्षात कशी पाळली जाते किंवा कशी निसटते, ते मुतवल्लीच्या, म्हणजे वक्फाचा कारभार पाहणाऱ्याच्या, दप्तरातच दिसते.

एखादी लहान मशीद किंवा दर्गा निवडा, जिच्या मालकीची दोनतीन दुकाने आणि थोडी शेतजमीन असेल. मूळ वक्फनामा, वक्फ मंडळाच्या नोंदवहीतील नोंद, शहरातील मिळकत पत्रिका, गावाकडचा सातबारा आणि भाडेपावत्या असे सगळे कागद एकापुढे एक ठेवून वाचा. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून लागलेली असते, आणि तिथे कब्जेदार म्हणून कोणाचे नाव आहे, इतर हक्कांत काय लिहिले आहे, हे पाहिल्यावर अर्ध्या तंट्यांचे मूळ समजते. वक्फनाम्यात उत्पन्न दिवाबत्ती, उरूस आणि गरीब मुलांचे शिक्षण यांसाठी सांगितलेले असेल आणि खर्चाच्या वहीत शिक्षणाचे खातेच नसेल, तर ती तफावत नेमकी दाखवणे हे तुमच्या विषयाचेच काम आहे. लेखापरीक्षक बेरीज तपासतो, पण वाकिफाची शर्त वाचण्यासाठी उर्दू आणि फिक्ह जाणणारा माणूस लागतो.

कायद्याचीही माहिती असू द्या. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०२५ मध्ये मोठे बदल झाले. संस्थेने मंडळाला द्यायच्या वार्षिक अंशदानाची कमाल मर्यादा ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली आणि मालमत्तांचा तपशील केंद्राच्या ‘उमीद’ पोर्टलवर भरणे आवश्यक झाले. त्या भरणीसाठी जुने कागद वाचून देणाऱ्यांची सर्वांनाच गरज पडली. मात्र ज्या मालमत्तेचा वाद चालू आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. कागदांचे फोटो काढण्यापूर्वी मुतवल्लीची लेखी परवानगी घ्या.

उत्तर : इतिहास शिकवतो

हिशेबनीस साहेबांनी जागा चांगली सुचवली. मला देखरेखीबद्दल सांगायचे आहे, कारण विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपा बहुतेक तिथेच फसतात. जागा कितीही नामांकित असो, दर आठवड्याला विद्यार्थ्याचे लिखाण हातात घेऊन चुका दाखवणारा माणूस तिथे नसेल, तर शेवटी हाती फक्त शिक्क्याचे प्रमाणपत्र येते. आयोगाच्या तत्त्वांतही महाविद्यालयाचा मार्गदर्शक आणि संस्थेतील पर्यवेक्षक असे दोघे अपेक्षित आहेत. तुमचे शिक्षक दूर असल्यामुळे इथला पर्यवेक्षक अधिकच जबाबदार हवा. म्हणून आधी माणूस शोधा आणि मग जागा.

माझ्या आवडीचे काम जुन्या कागदांचे आणि शिलालेखांचे. सोलापूर बहमनी आणि आदिलशाही इतिहासाच्या मधोमध आहे. भुईकोट किल्ला गावातच आहे आणि विजापूर साधारण १०० किलोमीटरवर. तिथल्या गोलघुमटाच्या नगारखान्यातील संग्रहालय एकदा तरी सावकाश पाहावे. आदिलशाही कागदांत पुष्कळदा वर फारसी मजकूर आणि खाली मोडीतला मराठी मजकूर असतो. मोडी वाचणारा जोडीदार मिळाला, तर तुमच्या अरबीचा उपयोग पहिल्याच दिवशी होईल, कारण मराठी मजकुरातही साल शुहूर सन या जुन्या कालगणनेत, अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले असते. ‘तिसा सबैन अलफ’ म्हणजे नऊ, सत्तर आणि हजार मिळून १०७९. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. म्हणजे हा कागद १६७८-७९ चा. अनेक घरांत इनामाच्या सनदा कापडात बांधून पडल्या आहेत आणि त्यांची साधी सूचीसुद्धा झालेली नाही. अशा एका दप्तराची तारीख, देणारा, घेणारा आणि कारण एवढीच सूची तुम्ही केलीत, तरी १२० तास अपुरे पडतील.

उत्तर : वकिलीण

वरील दोन्ही सूचना कागदांच्या आहेत. पदवीच्या वयात विद्यार्थिनीने जिवंत माणसांचे प्रश्नही पाहावेत, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी कौटुंबिक कायद्याचे काम उत्तम आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा कौटुंबिक प्रकरणे चालवणाऱ्या ज्येष्ठ वकिलाकडे विचारणा करावी.

एक उदाहरण देते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने पत्नीला न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, किंवा दोन वर्षे पोटगी देत नसेल, तर ती निकाह रद्द करून मागू शकते. फिक्हच्या हनफी मतात ही सोय फार अवघड होती, म्हणून उलेमांच्या संमतीने मालिकी या दुसऱ्या मताचा आधार घेतला गेला. मतांमधला हा फरक तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. इथे समोर बसलेल्या बाईचे आयुष्य त्याने बदलते. निकाहनाम्यात मेहर नगद ठरला होता की उधार, हेही नीट वाचावे लागते, कारण ती रक्कम कधी मागता येईल, हे त्यावरच ठरते. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुधा दखनीत (दख्खनी उर्दूत) बोलतात आणि अर्ज मराठीत लिहावा लागतो. त्यांचे म्हणणे न बिघडवता मराठीत उतरवणारी मुलगी आम्हाला फार मोलाची वाटेल.

मर्यादा मात्र कडक हवी. तुम्ही कोणालाही शरई किंवा कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, आणि पर्यवेक्षकाशिवाय कोणाला भेटायचे नाही. अहवालात नाव, मोहल्ला किंवा ओळख पटेल असा तपशील येता कामा नये. अशी मुलाखत ऐकून मन जड होते, म्हणून त्याच दिवशी पर्यवेक्षकाशी बोलण्याची वेळ आधीच ठरवून घ्या.

प्रश्नकर्ती : विजापूरवेस

आपणा सर्वांचे आभार. वक्फ दप्तराचे काम माझ्या अभ्यासाला सर्वांत जवळचे वाटते. परंतु मशिदीच्या कचेरीत सगळी पुरुष मंडळीच असतात, तिथे मला बसू देतील का? आणि माझे काम तपासणार कोण?

उत्तर : जुना हिशेबनीस

बेटा, ही अडचण खरी आहे, पण तिला वाट आहे. विश्वस्तांना विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि त्यात कामाचे तास, कोणते कागद पाहणार आणि अहवाल कोणाला दाखवणार, हे स्पष्ट लिहा. कचेरीत बसण्याऐवजी संस्थेच्या लेखापरीक्षकाच्या कार्यालयात दप्तर मागवून घेता येते. तिथे मुली कामाला असतात आणि हिशेब तपासणारा जाणकारही समोरच असतो. वक्फनाम्यातील फिक्हच्या बाबी आठवड्यातून एकदा तुमच्या शिक्षकांना फोनवर वाचून दाखवा. रोज काय वाचले आणि कोणता शब्द अडला, याची नोंदवही ठेवा व तिच्यावर दर शनिवारी पर्यवेक्षकाची सही घ्या. पत्राचा मसुदा इथे टाकलात, तर तो पाहून देईन.