मदत हवी आहे: फोंडा ते बेळगाव, चोर्ला घाटातून दोन मांजरं

मनीची_ताई: पंधरा दिवसांनी घर बदलायचंय. बोका धीट, कोणाच्याही मांडीवर बसतो. मनी बुजरी, बेल वाजली की कपाटामागे. बास्केटमध्ये घातली की लाळ गळते. दोघांना एकाच बास्केटमधून नेऊ का?

सुशेगाद: नको, बास्केटी दोन. घाबरलेलं मांजर सोबत्यावरच पंजा उगारतं आणि ते वैर घरी पोचल्यावरही टिकतं.

मनीची लाळ नेमकी कधी गळते ते पाहा. गाडी उभी असतानाही गळत असेल तर भीती. वळणं सुरू झाल्यावरच गळत असेल तर तिला गाडी लागते. औषधं वेगळी: उलटीला मॅरोपिटंट, भीतीला गॅबापेंटिन. दोन्ही व्हेटनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) वजन बघून दिलेलीच. गॅबापेंटिनची पहिली मात्रा प्रवासाच्या दिवशी नको. काही मांजरं त्यानं झोकांड्या खातात, ते आधी घरी कळलेलं बरं.

बास्केट आजच हॉलमध्ये ठेवा, दार काढून. आत तिची न धुतलेली चादर आणि रोज उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, बिनमिठाचा, काटे काढून. आपणहून आत बसून खायला लागली की दार लावून एक मिनिट, मग उभ्या गाडीत पाच मिनिटं, मग छोटी फेरी. बिचकली तर एक पायरी मागे. पंधरा दिवस तिला खरं तर कमीच आहेत.

बोकोबा: निघण्याआधी चारेक तास खाणं बंद, पाणी चालू. बास्केट पुढच्या सीटमागे खाली ठेवा, ब्रेक लागला तरी सरकत नाही. वर पातळ सुती कापड, एक बाजू उघडी. जाड टॉवेल घातलात तर आपल्या दमट हवेत आत कोंडतं. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर एसी वाढवा. तरी थांबलं नाही तर व्हेट गाठा. आणि घाटात कितीही ओरडली तरी बास्केट उघडायची नाही.

मनीची_ताई: म्हणजे बोक्याची चिंता नाही ना?

सुशेगाद: उलट, पळायचा धोका त्याचाच. सामान उतरवताना दार उघडं, हा ऐटीत बाहेर, आणि परतीची वाट ठाऊक नाही! आधी बाथरूममध्ये कोंडा. पुढे तीन आठवडे घरातच.

2017 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 2,802 पाळीव मांजरांच्या स्वभावाचा अभ्यास झाला. त्यातही भित्र्या मांजरांना लपायला जास्त जागा द्या असंच सुचवलंय. म्हणून मनीला एकच खोली, आडवं ठेवलेलं खोकं, शी-शूच्या नव्या ट्रेमध्ये जुन्यातलं दोन मुठी लिटर (ट्रेमधली वाळू). ओढून काढू नका. शेपूट वर करून फिरायला लागली की पुढची खोली उघडा. 24 तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटना फोन. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर मात्र सकाळची वाट बघू नका.