मदत हवी आहे: बाउल फीडर भरला की स्क्रू वर चढतच नाहीत (मकरपुरा, वडोदरा)

नमस्कार मंडळी,

मकरपुरा जीआयडीसीत आमचा टर्मिनल ब्लॉक जोडण्याचा छोटा कारखाना आहे, मेंटेनन्स मी बघते. एम४ (४ मिमी) पॅन हेड स्क्रू पुरवणारा व्हायब्रेटरी बाउल फीडर, म्हणजे थरथरत स्क्रू आतल्या कडेच्या चढत्या वाटेने (ट्रॅकने) वर नेणारं भांडं, सध्या जीव खातोय. स्टेनलेसचा बाउल, आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, खाली तीन ठिकाणी तिरप्या स्प्रिंग पट्ट्यांचे गठ्ठे आणि मधोमध बाउलला ओढणाऱ्या विद्युतचुंबकाची कॉइल.

दिवाळीच्या शटडाउनमध्ये बाहेरच्या एका वर्कशॉपकडून या पट्ट्यांचं काम करून घेतलं. त्यानंतर हे दुखणं सुरू झालं. बाउलात मूठभर स्क्रू असले की सुसाट चढतात. हॉपरमधून (वरच्या साठ्याच्या डब्यातून) माल पडून बाउल एक तृतीयांश भरला की चाल मंदावते, आणि ट्रॅकच्या एकाच बाजूला स्क्रू जागच्या जागी थरथरत उभे राहतात. मागचे येऊन त्यांना ढकलतात, तेवढे पुढे सरकतात, पुन्हा थांबतात. कंट्रोलरचा, म्हणजे थरथर कमी-जास्त करणारा, नॉब शेवटपर्यंत फिरवला तर भरलेला बाउल कसाबसा चालतो, पण माल कमी झाला की तेच स्क्रू उड्या मारायला लागतात आणि निवडीच्या जागी सगळा गोंधळ होतो.

निवडीची जागा अशी: आधी वायपर, म्हणजे ट्रॅकच्या जरा वर बसवलेली पट्टी. एकावर एक चढलेला स्क्रू तिला अडून खाली पडतो. पुढे ट्रॅक अरुंद होतो, दुसरी रांग आपोआप बाउलात सांडते. शेवटी फट आहे. स्क्रूचा दांडा फटीत उतरतो, डोकं दोन्ही काठांवर टेकतं आणि स्क्रू लोंबकळत पुढे जातो. ज्याचा दांडा उतरला नाही त्याला हवेचा झोत परत बाउलात टाकतो. हे सगळं चाल एकसारखी असेल तरच जमतं. स्क्रू उडायला लागला की दांडा फटीवरून निसटून जातो.

आतापर्यंत पाहिलेलं सांगते. कॉइल आणि आर्मेचर (कॉइल ओढते तो लोखंडी तुकडा) यांच्यातला गॅप फीलर गेजने सगळीकडे सारखा आहे, खडखड नाही, कॉइल तापत नाही. दुसऱ्या लाइनचा कंट्रोलर लावून पाहिला, फरक शून्य. प्लेटिंगवाल्याकडून स्क्रू तेलकट येतात म्हणून धुऊन, वाळवून टाकले. थोडं बरं वाटलं, पण भरल्यावर तेच. टेबल जमिनीला बोल्ट केलेलं आहे, रबरी पाय ठीक आहेत. कंट्रोलर जुना थायरिस्टरवाला, त्यात फ्रिक्वेन्सी बदलता येत नाही.

प्रश्न हा की वजन वाढलं की चाल इतकी का पडते? पूर्वी भरलेला बाउलही याच नॉबवर चालायचा. लाइनवरच्या बायका सध्या हाताने स्क्रू लावतायत, बोटांची सालं निघालीत त्यांच्या. मला हे लवकर सुटायला हवंय.

प्रतिसाद (पीथमपूर, इंदूर)

ताई, कॉइल सोडा, स्प्रिंगकडे बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, पण चुंबक प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ओढतं, म्हणून डायोड (एकाच दिशेची वीज जाऊ देणारा भाग) नसलेल्या फीडरला सेकंदाला १०० ठोके बसतात. पट्ट्या तिरप्या असल्यामुळे बाउल खाली येताना थोडा मागे फिरतो आणि सुटताना वर-पुढे जातो. स्क्रू त्या झटक्याने हवेत उचलला जातो, ट्रॅक खालून मागे सरकतो, स्क्रू केसभर पुढे उतरतो. १०० हर्ट्झला उभी हालचाल मध्यापासून ०.०२५ मिमीच्या वर गेली की स्क्रू ट्रॅक सोडतो. इतक्या बारीक कामात स्प्रिंग जरा मऊ झाली तरी लगेच जाणवतं.

आता वजनाचं. बाउल आणि पट्ट्या मिळून त्यांची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, ती ठोक्यांच्या जितकी जवळ तितकी हालचाल मोठी. ती १०० हर्ट्झच्या किंचित वर ठेवतात. माल पडला की ती खाली येते, १०० च्या जवळ सरकते, म्हणून चाल टिकते. तुमची बहुधा १०० च्या खाली गेली आहे. तिथे वजन वाढेल तशी ती आणखी लांब जाते. रिकामा सुसाट आणि भरलेला मेलेला, हे त्याचंच लक्षण.

खात्री करायची तर बाउलात नेहमीचा माल ठेवून, मशीन चालू असताना, एका गठ्ठ्याचा एकच बोल्ट किंचित सैल करा. हालचाल वाढली तर स्प्रिंग जास्त ताठ आहे, पडली तर मऊ. लगेच परत आवळा. आणि प्रत्येक पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजा, नुसती संख्या मोजून भागत नाही. एकाच बाजूला स्क्रू अडतात म्हणताय, म्हणजे तिन्ही गठ्ठे सारखे नसावेत. पट्टीला बोल्टच्या भोकाजवळ बारीक तडा आहे का तेही बघा, तिथेच जातात त्या.

धागाकर्ती

दादा, बोल्ट सैल करताच हालचाल पडली. मग पट्ट्या काढून मोजल्या. दोन गठ्ठ्यांत ३ मिमीच्या जुन्याच पट्ट्या, तिसऱ्यात सगळ्या नव्या आणि २.५ मिमीच्या. संख्या बरोबर होती, म्हणून वरून बघून कळलंच नसतं. तडा कुठेच नाही. पण अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडतो?

प्रतिसाद (पीथमपूर, इंदूर)

पडतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. ३ ची २.५ झाली की त्या गठ्ठ्याचा ताठपणा ५८ टक्क्यांवर येतो. तिन्ही मिळून १४ टक्के गेले, फ्रिक्वेन्सी त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ७ टक्के उतरली. आधी १०४ धरली तर आता ९७ च्या आसपास. ३ मिमीच्याच पट्ट्या घाला, आणि दोन पट्ट्यांमध्ये स्पेसर हवाच. पट्ट्या एकमेकींना घासल्या तर ट्यूनिंग टिकत नाही आणि गंजाची लाल भुकटी पडते. बोल्ट टॉर्क पान्ह्याने सारखे आवळा.

धागाकर्ती

लाल भुकटी होती खरी, मी ती बाहेरची धूळ समजून पुसत होते! ३ मिमीच्या पट्ट्या आणि स्पेसर घालून आज फीडर चालू केला. एक तृतीयांश भरलेला बाउल जुन्याच नॉबवर चालतोय, अडायची जागाही मोकळी झाली. मनापासून आभार, दादा. फटीवर अजून एखादा स्क्रू आडवा जातो. त्यासाठी हवेच्या नोझलचा कोन कोणी कसा ठेवता, ते कृपया सांगा.